महालाच्या मागच्या बाजूला

सुध्या, बघितली रे, बघितली! महालाची मागची बाजू बघितली! स्वतःच्या डोळ्यांनी, भर दुपारी, चष्मा पुसून पुसून बघितली. आणि तिथे जे आहे ना, ते सात जन्म डोकं खाजवलं असतंस तरी तुला सुचलं नसतं. थांब, सांगते. पण माझ्या पद्धतीनं सांगणार, पहिल्या पायरीपासून. मध्ये बोलायचं नाही. जन्मभर माझं वाक्य तोडत आलास, आज तरी गप बस.

असं लिहिलं खरं, आणि पेन थांबलं. तू गपच आहेस. नऊ दिवस झाले. मी ही बातमी घेऊन विमानात बसले होते आणि इकडे परळच्या इस्पितळात तू निघून गेलास. असं करतात का रे कोणी? अजून एक दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? मला तुझा इतका राग आलाय की रडतानासुद्धा मी तुला शिव्याच घालते.

तूच तर धाडलं होतंस मला. माझ्या लेकीनं, केतकीनं, बर्लिनचं तिकीट काढलं ते सांगायला मी तुझ्याकडे आले होते. तू नाकात नळी घालून भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मी म्हटलं, "सुध्या, पोरीनं शोधून काढलं, तिच्या घरापासून आपला तो महाल तासाभरावर आहे म्हणे." तू उठूनच बसलास! मंगलला म्हणालास, उशी लाव पाठीला. ती बिचारी घाबरली, नवऱ्याला अचानक काय झालं म्हणून. मग तू मालवणीवर आलास. तू मालवणीवर आलास की विषय गंभीर, हे सगळ्या चाळीला ठाऊक. "मागसून काय आसा ता बघून ये, शैला. फोनार सांगू नको. फोटो धाडू नको. हय बसान कागदार काढून दाखव."

पन्नास वर्षांच्या ओळखीत तुझं मी एकदाच ऐकलं, आणि नेमकं तेच नडलं.

बावीस वर्षं झाली त्या महालाला. काळाचौकीच्या नाक्यावर रंगवाल्याच्या दुकानात एक कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यातल्या एका पानावर टेकडीवरचा पिवळाधमक महाल, खाली पायऱ्याच पायऱ्या, दोन्ही बाजूंना हिरवं, आणि पायथ्याशी कारंजं. तू रंग आणायला गेलास आणि रंग विसरून ते पान फाडून घेऊन आलास. महिना अजून संपायचा होता, रंगवाला बोंबलत तुझ्या मागे आला. "यंदा गणपती ह्या महालात बसणार," तू चाळीच्या चौकात जाहीर करून टाकलंस. कमिटीला विचारायची पद्धत तुझ्याकडे नव्हतीच.

चित्र ते केवढं, तळहाताएवढं. खाली 'जर्मनी' एवढंच वाचता येत होतं. आपण दोघांनी भिंग घेऊन बघितलं. टेकडीच्या उतारावर सहा टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर ओळीनं दारं. तू म्हणालास, "चाळ आहे ही! सहा मजले, पुढे गॅलरी, ओळीनं खोल्या. वर मालक राहतो, खाली भाडेकरू." मी म्हटलं, "अरे बाग आहे ती, टेकडी कापून केलेली." तर म्हणे, "बागेला दारं कशाला गो? झाडं काय खोल्या घेऊन राहतात?" कमिटीनं मान डोलावली. गिरणगावातली माणसं, ओळीनं दारं दिसली की त्यांना खोल्याच दिसणार. झाले सहा मजले! प्रत्येक दारामागे एक बल्ब. गॅलरीत कपड्यांची दोरी लावायचं तुझ्या मनात होतं, तेवढं मी होऊ दिलं नाही.

आणि बागेला जागा किती दिलीस? दोन गाद्या घातल्या तर संपेल एवढी! मी आणि चाळीतल्या बायका महिनाभर लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवत होतो, गच्चीत वाळवत होतो, पिठाच्या चाळणीनं चाळत होतो. तीन घरांतल्या चाळण्या वाया गेल्या. आणि दर्शनाच्या रांगेतली माणसं महालाकडे बघत माझ्या हिरवळीवरून चपला घालून जायची. मी तेव्हाच तुला म्हटलं होतं, महाल दुय्यम आहे, बाग खरी. तू म्हणालास, "बाग बघायला कोण येतो? राणीच्या बागेत पण लोक वाघच बघतात." हे भांडण बावीस वर्षं चाललं. अजून चालूच आहे, माझ्याकडून तरी.

महालाच्या भिंतीवर खिडक्यांच्या मधे अर्धी अर्धी माणसं कोरलेली होती, छप्पर पेलून धरलेली. त्यांच्या डोक्यावर काहीतरी गोल गोल दिसायचं. "फेटे," तू ठरवून टाकलंस. आणि जर्मनीच्या राजाच्या महालाला आपल्या मांडवात भालदार-चोपदार उभे राहिले, पिळदार मिशांसकट.

मागची बाजू मात्र तू केलीच नाहीस. चित्रात नव्हती आणि आपल्याला गरजही नव्हती. आपल्या मांडवाच्या मागे असायची चाळीची पाण्याची टाकी, शेवाळलेली, ठिबकणारी. दर वर्षी तुझं पहिलं काम म्हणजे टाकी झाकायची. कधी तिचा कैलास केलास, कधी किल्ला, कधी जहाज. "लोक म्हणतात सुध्या कलाकार. अरे, सुध्या टाकी झाकणारा माणूस!" असं तूच हसत सांगायचास. पण महाल उतरवला तरी तो प्रश्न तुझ्या डोक्यातून उतरला नाही. राजाला पुढे बाग दिसते, मागच्या दारातून काय दिसतं? चहा पिता पिता मध्येच विचारायचास, "काय असेल गो मागे?"

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला जड जाते, म्हणून मी ठरवलं होतं की मागच्या बाजूच्या बातमीसोबत ती पण सांगून टाकायची, एका दमात. त्याच महालाच्या वर्षी मी माझ्या साहेबांना सांगून तुझ्यासाठी फोर्टमधल्या एका आर्किटेक्टकडे शब्द टाकला होता. इमारतींची मॉडेल्स करायची नोकरी. सोमवारी अकराला भेटायला बोलावलं होतं. तू गेला नाहीस. का, तर त्याच दिवशी महालाचा घुमट वर चढवायचा होता! मी ऑफिसातून तडक मांडवात आले. पन्नास माणसं होती तिथे. तू शिडीवर होतास. आणि मी खालून ओरडले, "मोडायच्या वस्तू करण्यात जन्म घालवलास, सुध्या! सगळं खोटं. पुठ्ठा, कापड आणि थर्माकोल. खोट्याच्या कपाळी गोटा असतो. एक तरी खरी गोष्ट कर आयुष्यात!"

तू वरून म्हणालास, "शिडी धर, हलतेय." मी धरली. त्यावर तू कधी काही बोलला नाहीस आणि मी कधी ते मागे घेतलं नाही. आपण बोलत राहिलो, भांडत राहिलो, भाऊबीज कधी चुकली नाही. पण ते वाक्य तिथेच राहिलं. ते मला मागे घ्यायचं होतं, एवढंच.

तर आता चल. रविवार होता. ऊन असं पडलेलं की जर्मन माणसं आनंदानं अर्धी उघडी होऊन हिरवळीवर लोळत होती. आम्ही बागेच्या लांबच्या फाटकातून शिरलो, केतकीच्या पिशवीत सँडविच आणि माझ्या पिशवीत चकल्या. आणि चालतोय, चालतोय, चालतोय! दोन्ही बाजूंना कातरलेली झाडं, मग फुलांचे ताटवे, मग पुतळे, मग परत झाडं. महालाचा पत्ताच नाही! एक तास नुसती बाग, सुध्या! महाल त्या बागेत कुठेतरी एका टेकाडावर, आणि तोही एकमजली, बसका. मी केतकीला म्हटलं, "दोन गाद्या दिल्या होत्या मला मेल्यानं, दोन गाद्या!" तिला काही कळलं नाही. तेव्हा ती दुसरीत होती.

आणि मग झाडं संपली, कारंजं आलं, मी मान वर केली. अगं बाई! तोच! तोच पिवळा, तोच घुमट, त्याच पायऱ्या! ते पान कोणीतरी ओढून ओढून मोठं केलं होतं आणि मी त्यात उभी होते. कळायच्या आत माझे हात जोडले गेले. केतकी पुटपुटली, "आई, देऊळ नाहीये ते." म्हटलं, "तुला काय माहीत? माझ्या महालात गणपती बसला होता."

पहिल्या टप्प्याकडे मी धावत गेले. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, धावत! दारं होती, सुध्या. ओळीनं दारं, हिरव्या चौकटींची, काचेची. मी काचेला नाक लावलं. आत काय असावं? अंजीर! अंजिराचं झाड! थंडीत गारठू नये म्हणून त्याला काचेमागे ठेवलेलं, आणि दोन दारांच्या मधल्या भिंतीवर द्राक्षाचे वेल चढवलेले. पुढच्या दारात बघितलं, अंजीर. त्याच्या पुढच्या दारात, अंजीर. झाडं खोल्या घेऊन राहतात का, असं विचारलं होतंस ना? राहतात! भाडेकरूच आहेत ते, ओळीनं राहतात! म्हणजे मी जिंकले, बागच होती ती. पण खोल्याही निघाल्या, म्हणजे अर्धा तूही जिंकलास, आणि हे लक्षात आलं तेव्हा माझा जरा विरसच झाला. सहाही टप्प्यांवर मी प्रत्येक काचेत डोकावले. पायऱ्या मोजत होते, शंभराच्या पुढे गेले आणि एका अंजिराच्या नादात आकडा विसरले.

वर पोचल्यावर पहिली गेले तुझ्या भालदारांकडे. फेटे नाहीत रे! द्राक्षांचे घड आहेत डोक्यावर! आणि ती माणसं आहेत तर्र. बायासुद्धा आहेत, अंगावर धड कपडा नाही, आणि खिदळतायत सगळी. मी भर उन्हात पोट धरून हसले. बरं झालं तुला भिंगातून दिसलं नाही. दिसलं असतं तर तू तश्शीच केली असतीस, एकही घड इकडचा तिकडे न करता, आणि कमिटीनं गणपतीच्या आधी तुझंच विसर्जन केलं असतं.

तिथेच बाजूला त्या राजाची कबर आहे. कबर म्हणजे गवतात एक साधी फरशी, शेजारी त्याच्या कुत्र्यांच्या फरश्या. आणि राजाच्या फरशीवर लोकांनी ठेवलेले बटाटे! फुलं नाहीत, बटाटे! ह्या राजानं म्हणे लोकांना बटाटा खायला लावला, म्हणून. मी म्हटलं, वडापाव खाऊन वाढलेली माणसं आपण, आपल्याला काहीतरी वाहिलंच पाहिजे. बटाटा नव्हता, एक चकली ठेवली. तुझ्या आणि माझ्या नावानं.

आता मागची बाजू. आणि गंमत ऐक, आत जायची रांग मागूनच! आपल्याकडे असते तशीच, पुढून बघायचं आणि मागून शिरायचं. मी केतकीचा हात घट्ट धरून वळसा घातला. मला अशी धाप लागली होती की तिनं मला विचारलं, बसायचंय का. मागे अर्धगोल अंगण, आणि अंगणाच्या दोन बाजूंनी खांबांच्या दुहेरी ओळी गोल फिरत आलेल्या. बरोबर मधे मोकळी जागा. आणि त्या मोकळ्या जागेतून लांब समोर दुसरी टेकडी, आणि तिच्या माथ्यावर एक पडकं देऊळ! मोडके खांब, अर्धी कमान, ढासळलेली भिंत. राजाच्या मागच्या दारात उभं राहिलं की थेट समोर तेच. मी म्हटलं, वा! राजा पुढे बाग बघत होता आणि मागे काळ बघत होता. भारी वाटलं मला. हे सुध्याला असं असं सांगायचं, म्हणून वाक्यंसुद्धा जुळवली. पण बातमी ही नाही. बातमी पुढे आहे.

आत शिरताना मी काय केलं असेल? पायताणं काढली! गुळगुळीत चकाकणारी जमीन, लाल पट्टा अंथरलेला, हात आपोआप खाली गेला. पायातले बूट काढून भिंतीशी नीट जोडून ठेवले. दारावरचा उंच माणूस आधी बुटांकडे बघत राहिला, मग माझ्या मोज्यांकडे. केतकी लाल झाली. पण त्या माणसानं काय केलं माहितीये? त्यानं स्वतः वाकून बूट उचलले आणि माझ्या हातात दिले, अगदी अदबीनं. आपल्या मांडवात कोणी असे दिले असते का? आपल्याकडे तर चोरीला जातातच.

आतल्या एका खोलीत पाऊल टाकलं आणि मी ओरडलेच. पिवळ्या भिंती, आणि भिंतीभर फुलं, फळं, पोपट, माकडं, उठावाची, रंगवलेली. सगळी लाकडाची! लोक एक नजर टाकून पुढे जात होते. मी मात्र थांबले. फुलांची माळ भिंतीला कुठे टेकवलीय, सांधा कुठे लपवलाय, पोपटाच्या पोटाखाली रंग किती गडद केलाय म्हणजे तो पुढे आल्यासारखा वाटतो, सगळं मला दिसत होतं. हे बघायला मला कोणी शिकवलं? तीस वर्षं सरकारी फायलींवर शिक्के मारणारी बाई मी. भुशात हिरवा रंग कालवताना तू डोक्यावर उभा राहून सांगायचास, "एकच हिरवा लावू नको गो, कडेला काळपट टाक, म्हणजे हिरवळ खोल वाटते." ते माझ्या डोळ्यांत बसलंय. तू नसतास तर मीही एक नजर टाकून पुढे गेले असते. हे तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणते, थँक यू सुध्या.

आणि आता ऐक, कान देऊन ऐक. केतकीच्या कानाला ते माहिती सांगणारं यंत्र होतं. आम्ही मागच्या दारापाशी परत आलो, ते पडकं देऊळ परत समोर. मी म्हटलं, "किती जुनं असेल गं?" ती ऐकत होती, आणि एकदम म्हणाली, "आई, जुनं नाहीये. खोटं आहे ते. राजानं मुद्दाम बांधून घेतलं, पडक्यासारखं दिसायला."

"खोटं?"

"हो. सजावट. कारण तिथे वर पाण्याची टाकी आहे ना, बागेतल्या कारंज्यासाठीची. टाकी दिसू नये म्हणून."

सुध्या! टाकी रे, टाकी! राजाच्या महालाच्या मागे पाण्याची टाकी आहे, आणि ती झाकायला त्यानं पडक्या देवळाचा देखावा केला! खांब खोटे, कमान खोटी, पडकेपण खोटं. एवढा मोठा राजा, आणि त्यालाही एक सुध्या लागला! मी त्या अंगणातल्या खडीवर मटकन बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. आजूबाजूची माणसं बघायला लागली. एक म्हातारी जर्मन बाई पाण्याची बाटली घेऊन आली. मी तिला मराठीत सांगितलं, "बाई, माझा मित्र काळाचौकीला हेच काम करतो." तिनं मान हलवली. केतकी म्हणते तिला काही कळलं नाही. मला वाटतं, कळलं.

आणि अजून संपलं नाही. कारंजं! त्या टाकीतलं पाणी कारंज्याला पोचलंच नाही म्हणे. पवनचक्की लावली, नळ टाकले, नळ फुटले. राजा बिचारा जन्मभर वाट बघत राहिला. तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी वाफेचं इंजिन बसवलं, तेव्हा कुठे ते उडालं. आणि तुझं? कूलरच्या पंपावर अकरा दिवस चाललं! बायकांच्या रांगेवर पाणी उडायचं, माझी नवी साडी भिजवलीस, पण चाललं!

त्याच संध्याकाळी मंगलनं फोन लावून तुझ्या कानाशी धरला. तुझा आवाज कागदाएवढा पातळ झाला होता. "बघितलंस?" "बघितलं." "काय हा?" माझ्या जिभेवर होतं रे. एका शब्दाचं काम होतं. पण तूच घातलेली अट, आणि मला तुला झुलवायची हौस. मी म्हटलं, "येऊन सांगते. कागद तयार ठेव." तू हसलास, मग खोकलास, मग म्हणालास, "बेगीन ये." मी दोन दिवसांनी निघाले. विमानतळावर उतरून फोन सुरू केला तर मंगलचा निरोप. तशीच बॅग घेऊन भोईवाड्याच्या स्मशानात आले. तुझ्या कानात सांगायचं ठरवलं होतं, पण माणसं घाई करत होती आणि तोंडातून नुसता "सुध्या" एवढाच शब्द निघाला.

परवा मंगलकडे गेले. तिच्यासमोर कागद घेऊन बसले आणि तुला काढून दाखवायचं होतं ते तिला काढून दाखवलं. अंगण, खांब, समोरची टेकडी, देऊळ, टाकी. टाकी आल्यावर ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली म्हणाली. मग मी तिला ती दुसरी गोष्ट सांगितली, शिडीखालची. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे गो, त्याच्या लक्षातही नसेल. तिनं तसं म्हटलं नाही.

ती म्हणाली, "लागलं होतं त्यांना. खूप लागलं होतं. पण तुझ्यावर राग नव्हता. मला म्हणाले, लोक टाळ्या वाजवून घरी जातात, भांडायला शैलाच एकटी येते, तिला कळतं म्हणून येते. तिच्या तोंडून एकदा बरं ऐकायचंय." आणि पुढे म्हणाली, "दर वर्षी पडदा उघडला की सगळी गर्दी गणपतीकडे बघायची. हे तुझ्या तोंडाकडे बघायचे."

आणि मी दर वर्षी काय केलं, सुध्या? डावा खांब वाकडा आहे म्हटलं. निळा भडक झालाय म्हटलं. झालर एक बोट खाली घ्यायला हवी होती म्हटलं. मला वाटायचं, मैत्रीण आहे, आपणच खरं सांगायला हवं. तू मान हलवायचास आणि शिडी घेऊन परत वर चढायचास. बावीस वर्षं तू माझ्या तोंडाकडे बघत होतास आणि मी खांबाकडे.

मंडळाच्या यंदाच्या अहवालात तुझ्यावर एक पान छापायचंय. सेक्रेटरी म्हणाले जन्मगाव, शिक्षण, मिळालेल्या ढाली अशी माहिती द्या. म्हटलं, ते दुसरं कोणाकडून तरी घ्या, माझं पान मी लिहिणार. हा अहवाल काळाचौकीतल्या घराघरांत जातो. मी बोलले होते ते पन्नास माणसांसमोर, मग मागे घ्यायचं तर निदान तेवढ्यांसमोर तरी घ्यायला हवं.

म्हणून सगळ्यांच्या देखत सांगते. मी चुकले. तू केलंस ते खरं होतं. मोडायचं होतं तरी खरं होतं. आता पडदा उघडलाय, सुध्या, बघ माझ्याकडे. झकास झालंय. एक खिळासुद्धा हलवायचा नाही. खाली उतर.